कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतंय? रिंगा बदलण्याआधी हे तपासा

स्प्रे गनने मारलेल्या रंगात बारीक गोल खड्डे पडू लागले किंवा ब्लोगनसमोर (हवा फुंकणाऱ्या गनसमोर) धरलेला हात चिकट झाला, की पहिला संशय पिस्टनच्या रिंगांवर जातो. रिंगा झिजतात हे खरेच. पण घरच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर रोज आठ-दहा तास चालत नाही. त्याच्या बाबतीत जास्त भरलेले तेल, चुकीचे तेल, चोंदलेला फिल्टर आणि प्रमाणाबाहेर तापणे ही कारणे आधी पाहावीत. ती तपासायला हेड उघडावे लागत नाही आणि खर्चही जवळजवळ नसतो.

पुढची माहिती पंपात तेल घालाव्या लागणाऱ्या पिस्टन कॉम्प्रेसरची आहे. यंत्र ऑइल-फ्री असेल, तर पंपात तेल नसतेच. अशा वेळी लाइनमध्ये बसवलेला लुब्रिकेटर (हवेत तेल सोडणारे उपकरण), आधी दुसऱ्या कामाला वापरलेला होज किंवा यंत्र ओढत असलेली आसपासची तेलकट हवा तपासावी.

आधी खात्री: तेल की पाणी?

ब्लोगनसमोर साधारण ३० सेंमीवर पांढरा कागद धरा आणि १०-१५ सेकंद हवा सोडा. डाग पडला तर कागद वाळू द्या. पाण्याचा डाग निघून जातो. तेलाचा डाग राहतो आणि कागद उजेडासमोर धरला की तिथे अर्धपारदर्शक दिसतो. हीच चाचणी फिल्टर आणि होज काढून थेट टाकीच्या आउटलेटवरही करा आणि दोन्ही कागद तारीख टाकून ठेवा. दुरुस्तीनंतर तुलनेला ते लागतील.

ड्रेन कॉकमधून (टाकीच्या तळाच्या तोटीतून) काय निघते तेही पाहा. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग असणे नेहमीचे आहे, कारण सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलाच्या थरातले थोडेसे हवेबरोबर जातेच. पण दुधाळ, दाट द्रव भरपूर येत असेल, तर तेल नक्कीच जास्त जाते आहे.

तेलाची पातळी आणि जात

कॉम्प्रेसर सपाट जागेवर ठेवा, बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि मग साइट ग्लास (तेलाची पातळी दाखवणारी काच) पाहा. पातळी लाल ठिपक्याच्या मध्यावर हवी. बहुतेक छोट्या पंपांत कनेक्टिंग रॉडच्या खालची दांडी तेलात बुडून ते वर उडवते. तेल जास्त असले की ती नुसते शिंतोडे उडवत नाही, तेल घुसळते. इतके तेल ऑइल रिंगला (सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल खरवडणाऱ्या रिंगला) खरवडून खाली पाठवता येत नाही. यंत्र तिरके उभे असले तरी हेच घडते. काचेत पातळी बरोबर दिसते, पण दांडीखाली तेल जास्त असते.

जातीच्या बाबतीत तडजोड करू नका. मॅन्युअलमध्ये दिलेलेच तेल घाला. बऱ्याच पिस्टन पंपांना आयएसओ व्हीजी १०० दर्जाचे कॉम्प्रेसर ऑइल चालते, म्हणजे साधारण एसएई ३० इतका घट्टपणा. गाडीच्या इंजिनाचे मल्टिग्रेड तेल घालण्याचा मोह होतो, पण त्यातली डिटर्जंट द्रव्ये काजळी तेलातच तरंगत ठेवण्यासाठी असतात. इंजिनात ती काजळी तेलाचा फिल्टर पकडतो. छोट्या कॉम्प्रेसरला तसा फिल्टर नसतो, शिवाय ओलाव्यामुळे असे तेल फेसाळू शकते, आणि फेस वर चढायला वेळ लागत नाही.

तेल चुकीचे, काळे किंवा दुधाळ असेल तर यंत्र गरम असतानाच ते पूर्ण काढा आणि नवे तेल पातळीपर्यंतच भरा. तेल पुन्हा दुधाळ झाले, तर यंत्र फार थोडा वेळ चालते आहे आणि आतला ओलावा उडून जाण्याइतके तापत नाही असे समजा.

हवा आत कशी येते, कोंडलेली बाहेर कशी जाते

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि उत्तर अनेकदा इथेच असते. पिस्टन खाली येताना सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते. इनटेक फिल्टर चोंदलेला असेल, तर पिस्टनच्या वरचा दाब नको तितका उतरतो आणि क्रँककेसमधले (पंपाच्या तळाच्या, तेल असलेल्या भागातले) तेल रिंगांच्या बाजूने वर खेचले जाते. फिल्टर काढून काही मिनिटे स्वच्छ जागेत यंत्र चालवा. आवाज मोकळा झाला आणि टाकी लवकर भरली, तर फिल्टर बदला. कागदी फिल्टर धुऊन परत वापरू नका. फोमचा साबणाने धुऊन पूर्ण वाळवून बसवता येतो.

त्याच वेळी फिल्टरची आतली बाजू पाहा. ती तेलाने ओली असेल आणि इनटेकवर हात धरल्यावर हवेचे फटके बाहेर येत असतील, तर सक्शन व्हॉल्व्हची पट्टी नीट बसत नाही. फटके नसतील, पण ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेची) नळी इनटेकला जोडलेली असेल, तर तेल त्या नळीतून येते आहे.

आता ब्रीदर. रिंगांमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये उतरतेच. ती ब्रीदरमधून बाहेर पडायला हवी. ब्रीदर बुजला की आत दाब साठतो आणि तेल वर ढकलले जाते. त्याची खूण अशी की शाफ्टच्या ऑइल सीलजवळ किंवा साइट ग्लासच्या कडेनेही तेल पाझरू लागते. ब्रीदर काढा, धुवा आणि आतली झडप मोकळी हलते का पाहा.

उष्णता

तापलेले तेल पातळ होते आणि त्याची वाफ हवेबरोबर निघून जाते. ही वाफ साध्या वॉटर सेपरेटरमध्ये अडकत नाही. पंप भिंतीपासून किमान ३०-४५ सेंमी दूर हवा. फ्लायव्हील बाणाच्या दिशेनेच फिरायला हवे, कारण त्याची पाती सिलिंडरवर वारा मारतात. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, तर पंप उलटा फिरतो, टाकी भरते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि हेड तापत राहते. यंत्र ५० टक्के ड्यूटीचे असेल, तर दहा मिनिटांत पाचच मिनिटे चालायला हवे. त्याहून जास्त चालत असेल, तर सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधा.

मग रिंगा

वरचे सगळे नीट असेल, तर टाकी भरत आली असताना तेल भरण्याचे झाकण काढून त्यावर सैल फडके धरा. चष्मा घाला, तेल उडते. हवेचे हलके आत-बाहेर होणे ठीक. सतत जोरदार फुंकर आणि तेलाचे धुके येत असेल, तर रिंगा गेल्या. टाकी भरायला मॅन्युअलपेक्षा बराच जास्त वेळ लागत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी कमजोर आहे. मात्र वेळ बरोबर लागला म्हणून निश्चिंत होऊ नका. फक्त ऑइल रिंग खराब असेल तर दाब पूर्ण मिळतो आणि तेलही जात राहते.

उघडण्याआधी प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, यंत्र थंड होऊ द्या. नवी रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तोंडातली फट मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल, तर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) दर २५ मिमीला साधारण ०.१ मिमी फट धरा, म्हणजे ६५ मिमीच्या बोअरला ०.२६ मिमी. रिंगेवर टॉपची खूण असेल ती बाजू वर. खरवडणारी रिंग उलटी बसली, तर ती तेल खाली नेण्याऐवजी वर चढवते, आणि नव्या रिंगांनंतरही तेल येत असेल तर आधी हेच तपासावे. तीन रिंगा असतील तर त्यांची तोंडे एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवा.

सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर नव्या रिंगा त्यावर बसत नाहीत. हलके होनिंग (घासणाऱ्या दगडांनी आतून घासणे) करून तिरक्या जाळीच्या रेघा आणा. मग गरम साबणाच्या पाण्याने पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा. उभे खोल ओरखडे असतील, तर सिलिंडरच बदलावा. रिंगा बसेपर्यंत पहिले काही तास थोडे तेल येत राहील.

जुने तेल काढल्याशिवाय निकाल कळत नाही

टाकी, पाइप आणि होजमध्ये साचलेले तेल दुरुस्तीनंतरही बरेच दिवस येत राहते. टाकीतला दाब सोडा, ड्रेन कॉक काढा, भांड्याच्या साबणाचे पाणी आत हलवून काढा, साध्या पाण्याने धुवा आणि गंज चढण्याआधी वाळवा. पेट्रोल किंवा रॉकेल अजिबात नको. त्यांची वाफ आत उरली, तर तापलेल्या हवेत पेट घेऊ शकते. हेडपासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपात काळी खपली असेल तर तीही काढा. ती हवेची वाट अडवते आणि फार तापली तर पेटू शकते. रंगकामाचा होज मात्र बदलाच, कारण रबरात मुरलेले तेल धुऊन निघत नाही.

रंगकामाला शेवटी कोॲलेसिंग फिल्टर (तेलाचे बारीक थेंब एकत्र करून पकडणारा) लावावा, पण पंपाला चिकटून नव्हे. हवा थंड झाल्यावरच तेलाची वाफ थेंबांत येते आणि फिल्टर ते पकडतो. आधी ५ मायक्रॉनचा फिल्टर, नंतर ०.०१ मायक्रॉनचा कोॲलेसिंग, असा क्रम ठेवा. उरलेल्या वाफेला सक्रिय कार्बनचा फिल्टर लागतो. सिंथेटिक तेल वापरत असाल, तर पॉलिकार्बोनेटच्या वाटीऐवजी धातूची वाटी घ्या, काही सिंथेटिक तेलांनी प्लास्टिकला तडे जातात. श्वासोच्छ्वासाच्या मास्कला ही हवा कितीही फिल्टर लावले तरी जोडू नका.

आता पुन्हा कागद धरा, आधी टाकीच्या आउटलेटवर, मग होजच्या टोकाला. आउटलेटचा कागद कोरा आणि टोकाचा तेलकट निघाला, तर पंपाला हात लावू नका. तेल अजून लाइनमध्येच आहे.