स्वस्तातला ट्रायपॉड दुकानातच तपासून घ्या

खोक्यावरची उंची आणि किंमत बघून ट्रायपॉड घेतला, की व्हिडिओसाठी कॅमेरा फिरवताना तो हमखास झटके देतो. म्हणून लातूरला घ्या नाहीतर संभाजीनगरला, आपला कॅमेरा सोबत न्या.

१. पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खालीच ठेवा. वरून तळहाताने दाबून किंचित पिळा. पाय वळवळले तर परत करा.

२. कॅमेरा लावून पूर्ण झूम करा, रेकॉर्डिंग चालू ठेवून हँडल सावकाश फिरवा आणि हात सोडा. चित्र अडकत सरकलं किंवा सोडल्यावर थोडं मागं आलं, तर व्हिडिओसाठी तो बाद. नुसते फोटोच काढायचे असतील तर साधं बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे वळणारं डोकं) पुरतं.

३. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची वरची प्लेट सुटी मिळते का, विचारा. हरवते तीच.

जास्त उंचीच्या नादी लागू नका. हलक्या ट्रायपॉडच्या पायाचा शेवटचा तुकडा काडीएवढा बारीक असतो. दांड्याखाली हुक असेल तर मात्र जरूर घ्या, माळावरच्या वाऱ्यात वजनासाठी बॅग अडकवता येते.

वेरूळ, अजिंठा, देवगिरीला ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते.