फॉलिक अ‍ॅसिड आणि मलेरिया: सेमिनारमधल्या या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या पोरांचे सेमिनार ऐकणं हे माझं दरवर्षीचं काम. फॉलिक अ‍ॅसिड (फोलेट या ब जीवनसत्त्वाचं औषधी रूप) आणि मलेरिया हा विषय आला की चुका ठरलेल्या.

सगळ्यात चीड आणणारी म्हणजे माध्यम (परजीवी ज्यात वाढवतात ते द्रावण) न बघता आकडे उचलणं. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीनंतर एकीने सल्फाडॉक्सिन या मलेरियाच्या औषधाच्या आयसी-५० चा (परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) तक्ता लावला. आकड्यांत शेकडो पटींचा फरक, आणि खाली चक्क सरासरी!

"एवढा फरक का गं?"

"काय की सर, स्ट्रेन रेझिस्टंट असतील."

"स्ट्रेनचं राहू दे. परजीवीला खायला काय घातलं होतं?"

गप्प. मेथड्स उघडलंच नव्हतं. सगळ्यांसमोर वाचायला लावलं. नेहमीच्या आरपीएमआय १६४० या माध्यमात लिटरला १ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि तेवढंच पाबा (पॅरा-अमिनोबेन्झॉइक अ‍ॅसिड). परजीवी पाबापासून स्वतःचं फोलेट बनवतो; सल्फाडॉक्सिन ते बनवणाऱ्या एन्झाइमवर पाबाचीच जागा अडवतं. माध्यमात पाबा भरपूर असेल तर औषध दुबळं दिसणारच. म्हणून काही प्रयोगशाळा मुद्दाम ही दोन्ही कमी केलेलं माध्यम वापरतात. त्या आकड्यांची सरासरी कशी निघेल?

माझ्या तक्त्यात पहिला रकाना माध्यमाचा, दुसरा सीरमचा, आकडा शेवटी. रकाना भरता आला नाही तर तो पेपर बाजूला. वेळ जातो, जाऊ दे. अ‍ॅबस्ट्रॅक्टवर सेमिनार उरकणाऱ्यांना मी बसवून ठेवतो.

दुसरी चूक दुधाची. १९५२ मध्ये लिव्हरपूलच्या मेग्रेथ यांच्या गटाने दाखवलं की नुसत्या दुधावर ठेवलेल्या उंदरांत मलेरिया दबतो. पुढच्याच वर्षी हॉकिंग यांनी कारण पुढे आणलं: दुधात पाबा अपुरं, ते घातलं की संसर्ग पुन्हा वाढतो. यावरून स्लाइड काय? 'दूध प्या, मलेरिया टाळा'. कपाळ माझं!

डोस लिहा. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या जोड-औषधासोबत गरोदरपणात रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड चालतं. ५ मिलिग्रॅमने औषधाचा गुण कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

टांझानियातल्या पेम्बा बेटावरच्या, २००६ साली छापलेल्या चाचणीत लहान मुलांना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड एकत्र दिलं होतं, आणि त्यांच्यात गंभीर आजारपण व मृत्यू वाढलेले दिसले. दोष एकट्या कुणावर टाकू नका.

आणि नुसतं 'मलेरिया' नको. उंदरातला बर्घाय, माणसातला फाल्सिपेरम की व्हायव्हॅक्स, ते स्पष्ट लिहा. पहिल्या स्लाइडवर डासाचं चित्र नसलं तरी चालेल.