मशीन बंद पडलं की ज्याला फोन जातो

मी नववीत होते. अण्णा लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलवर हमालीला होते आणि रविवारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. एका रविवारी मिलच्या दारात पोचले तर आतून आवाजच नाही. सॉर्टेक्स बंद पडलं होतं. डाळीतला काळा, डागी दाणा वेगळा काढणारं हे मशीन. ते थांबलं की पॅकिंग थांबतं, गाडी भरणं थांबतं, आणि पोत्यावर मजुरी असलेल्या माणसांची त्या दिवसाची कमाईही थांबते. इंजिनिअर हैदराबादहून येणार होता. तो मंगळवारी आला.

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम बघायला गेले. त्यानं बाजूचं झाकण उघडलं. आत हवेच्या बारीक व्हॉल्व्हची लांब रांग होती. एकेक व्हॉल्व्ह चालवून तो कान लावून ऐकत होता. टिक, टिक, टिक. दोन ठिकाणी आवाज आला नाही. ते दोन त्यानं बदलले, कॅमेऱ्यापुढची काच मऊ कापडानं पुसली, हवेच्या लाईनमधलं पाणी काढलं आणि मशीन सुरू केलं. पाऊण तासाचं काम. घरी येताना अण्णा म्हणाले, "एवढं काम लातुरात कुणालाच येत नाही का गं?"

आता ते मला येतं. आयटीआय, मग डिप्लोमा, मग वाळूजला सात वर्षं मेंटेनन्समध्ये काढून मी लातूरला परत आले. मिलवाल्यांचे फोन येतात, आणि दहावी-बारावी झालेली मुलं-मुलीही येतात. "ताई, टेक्नॉलॉजीत जायचंय, काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी आपल्या आजूबाजूला बघा

टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्या लेकरांच्या डोळ्यांपुढं हिंजवडीच येते. कोडिंग मनापासून आवडत असेल तर जरूर जा. पण मराठवाड्यात टेक्नॉलॉजी आधीच येऊन बसलेली आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या लाईन पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक कॉम्प्युटरवर चालतात. जालन्यात सळईच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांचे प्रोसेसिंग प्लांट आहेत. लातुरात रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. शिवारात सौर पंप आहेत. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिच्या २,६०० कोटींच्या खर्चाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि त्यातून जाणारा लेझर. तिथं फक्त पीएचडीवाल्यांचं काम असतं असं लोकांना वाटतं. पण चार किलोमीटर नळी कुठेही न गळता वेल्ड कोण करणार? व्हॅक्यूम पंप, सेन्सर, कंट्रोल पॅनेल कोण सांभाळणार?

या सगळ्या ठिकाणी एकाच जातीचं कसब लागतं: थोडं इलेक्ट्रिकल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रामिंग, आणि बंद मशीनसमोर न घाबरता उभं राहण्याची सवय. त्या सवयीची सुरुवात कॉलेजआधीच करता येते.

विहिरीवरच्या स्टार्टरपासून सुरुवात

तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीवर डीओएल (डायरेक्ट ऑन लाईन, मोटार थेट लाईनवर सुरू करणारा) स्टार्टर असेल. हिरवं बटण, लाल बटण. हिरवं दाबलं की आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या चुंबकानं चालणारा मोठा स्विच, खटकन ओढला जातो आणि मोटार सुरू होते. बोट काढलं तरी मोटार चालूच राहते. का? कारण कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडला जातो आणि तो स्वतःलाच धरून ठेवतो. याला होल्डिंग म्हणतात. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. लाईट आली तरी तो आपोआप ओढला जात नाही, पुन्हा कुणीतरी हिरवं बटण दाबावं लागतं. रात्रीच्या पाळीला लाईट असली की तुमचे वडील बॅटरी घेऊन शेतात का जातात, याचं उत्तर त्या एका कॉन्टॅक्टमध्ये आहे.

हीच जोडणी पीएलसीच्या लॅडरमधला, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत काढलेल्या प्रोग्राममधला, पहिला धडा असते. ओपनपीएलसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात स्टार्ट, स्टॉप आणि होल्डिंगची एक ओळ काढा आणि सिम्युलेशनवर चालवून बघा. ज्या दिवशी ती ओळ आणि विहिरीवरचा डबा एकच आहे हे तुम्हाला दिसेल, त्या दिवशी कारखान्यातलं पॅनेल परकं वाटणार नाही. मला हे कळायला डिप्लोमाचं शेवटचं वर्ष उजाडलं, कारण आयटीआयत आम्ही जोडणी पाठ केली होती, ती तशी का आहे हे विचारलंच नव्हतं.

पुढची पायरी. रात्री जायला नको म्हणून बरेच शेतकरी ऑटो स्विच बसवतात. मग लाईट आली रे आली की डीपीवरच्या (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. वीस मोटारींनी एकाच क्षणी ओढलं की डीपीवर ताण येतो, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि पीक वाळत बसतं. औसा तालुक्यातल्या एका पोरानं माझ्याकडं यावर काम केलं. ईएसपी३२ चा बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा कॉम्प्युटर), एक रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) आणि साधा नियम: लाईट आल्यावर प्रत्येक मोटारीनं वेगवेगळा वेळ थांबायचं. कुणी एक मिनिट, कुणी चार, कुणी सात. प्रोग्राम चाळीस ओळींचा. त्या पोराला बारावीला भौतिकशास्त्रात कसेबसे पासापुरते मार्क होते. तरी त्याला हे जमलं, कारण त्याला अडचण आतून माहीत होती.

तुम्ही करणार असाल तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा. सगळा प्रयोग टेबलावर, मोबाईलच्या चार्जरच्या ५ व्होल्टवर आणि छोट्या एलईडीवर करायचा. विहिरीवरच्या ४१५ व्होल्टला हात लावायचा नाही. तिथली जोडणी परवानाधारक वायरमन करेल, तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं.

करंट मोजायचा असेल तर वायरीभोवती बसणारा क्लॅम्प सीटी घ्या. त्यातून येणारा करंट बोर्डाला व्होल्टेज म्हणून वाचता यावा यासाठी त्याला रेझिस्टर लावतात. तो किती ओमचा याचं गणित मोटार चालू असतानाच्या करंटवर करू नका. ५ एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना ४५ पर्यंत उसळते. मी चालू करंट धरून १०० ओम लावला होता. पहिल्याच स्टार्टला बोर्डाची इनपुट पिन गेली. ३३ ओम लावल्यावर पुन्हा तसं झालं नाही. बोर्ड चार-पाचशे रुपयांचा होता, पण "सुरू होताना काय होतं?" हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक मशीनला विचारते.

वही ठेवा

कोणतंही मशीन उघडलं, दुरुस्त होताना पाहिलं, की चार ओळी लिहा: काय झालं होतं, काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं. नेमप्लेटचा फोटो न काढता ती हातानं उतरवा. व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आपोआप डोक्यात बसतात. वाळूजला माझी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवली आणि वही अर्धा तास चाळली. "हा कॉम्प्रेसर पावसाळ्यातच का अडकतो?" त्यांनी विचारलं. हवेत पाणी येतं, ड्रेन वेळेवर काढला नाही की ते पुढं व्हॉल्व्हपर्यंत जातं, हे मी मिलमध्ये पाहिलेलं होतं.

प्रवेश कुठं घ्यायचा

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला तीन वर्षं, किंवा आधी आयटीआय. घरची ओढाताण असेल तर मी आयटीआय सांगते: इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, सगळे दोन वर्षांचे ट्रेड. दोन वर्षांत हातात काम येतं आणि रस्ता बंद होत नाही. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मी पहिली उडी अशीच मारली. एमएससीआयटी झालं म्हणजे कॉम्प्युटर आला, असं मात्र समजू नका. ती ओळख आहे, पेशा नव्हे.

छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणारी कापकामाची मशीन) आणि टूल-डायच्या (साच्यांच्या) कामाला हात तयार करायला ती चांगली जागा आहे. तिथंच विद्यापीठाच्या परिसरात नायलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी. नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. शेतीत रस असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडं बघा, तिथं ड्रोन आणि रोबोटवर काम झालेलं आहे. ड्रोन चालवायचा असेल तर वय १८ पूर्ण आणि दहावी पास एवढं पुरतं, पण प्रशिक्षण डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्या.

मुलींनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी हे नीट वाचा. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात राज्य सरकारची १०० टक्के सवलत आहे. अट एवढी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. जूनमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला रांग लागते, म्हणून तो एप्रिलमध्येच काढून ठेवा. राहण्या-जेवणासाठी स्वाधार आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. आपण कशात बसतो ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन विचारा, कॅफेवाल्यावर सोडू नका.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा

डिप्लोमानंतर एका खासगी क्लासनं "कोर्स अधिक शंभर टक्के नोकरी" म्हणून माझ्याकडून १८ हजार घेतले होते. अण्णांनी ते उचल म्हणून आणले होते. चार महिन्यांनी शटर खाली. म्हणून सांगते, नोकरीसाठी आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नाही. शिकायचंच असेल तर एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाईन) कोर्स फुकट बघता येतात, पैसे परीक्षेचेच पडतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत, लिनक्स आणि पायथन तिथून सुरू करा.

इंग्रजीची भीती घेऊन बरीच लेकरं येतात. फाडफाड बोलायची गरज नाही, वाचता मात्र आलंच पाहिजे. रोज मॅन्युअलचं एक पान वाचा आणि अडलेले शब्द वहीत लिहा. मॅन्युअलमध्ये फिरून फिरून तेच तीन-चारशे शब्द येतात, सहा महिन्यांत ते ओळखीचे होतात.

हेल्पर म्हणून अडकू नका

वाळूजला उतरल्यावर कंत्राटदार दुसऱ्या दिवसापासून हेल्परचं काम देतो. हातात पैसे लवकर येतात, पण तीन वर्षांनीही पोरगं पेट्याच उचलत असतं. त्याऐवजी अ‍ॅप्रेंटिस म्हणून शिरा. केंद्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसच्या दोन योजना आहेत: आयटीआयवाल्यांसाठी नॅप्स, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्स, दोन्हींची पोर्टल वेगळी आहेत. तुमचा करार पोर्टलवर नोंदवलेला आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. नोंद नसेल तर वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. आणि मेंटेनन्स विभाग मागून घ्या. मला आधी स्टोअरला टाकलं होतं. दुपारच्या सुट्टीत मी मेंटेनन्सच्या दादांबरोबर बसायचे, त्यांना मीटर, स्क्रू-ड्रायव्हर हातात द्यायचे. दीड महिन्यानं त्यांनीच मला मागून घेतलं.

काही वर्षांनी स्वतःचं काहीतरी उभं करावंसं वाटलं, तर संभाजीनगरला मॅजिक ही नवउद्योगांना हात देणारी संस्था आहे. पण जाण्याआधी तुमची वस्तू किमान एका शेतावर नाहीतर एका मिलमध्ये एक पूर्ण हंगाम चाललेली असू द्या. औशाचा तो पोरगा तेच करतोय. तीन डीपींवर त्याचे डबे बसले आहेत आणि रोजच्या नोंदी त्याच्या वहीत आहेत.

लातूरच्या आसपास असाल आणि सॉर्टेक्स आतून बघायचं असेल, तर तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरमध्ये जा. तेव्हा मिलवाले मशीन साफ करतात आणि झाकणं उघडी असतात. मालकाला आधी विचारा, ऑपरेटर मामांना नमस्कार करा. पायात बंद बूट, केस घट्ट बांधलेले, ओढणी नको. वही बरोबर न्या, आणि व्हॉल्व्ह तपासायला लागले की बोलणं थांबवून टिक टिक ऐका.