जर्मनीत राहायला जाताय? कोणतं काम कोणत्या कचेरीत

पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीला निघालेला माणूस व्हिसा, भाषा, पगार अशी सगळी तयारी करतो, पण तिथल्या सरकारी कचेऱ्यांची ओळख तिथे पोचल्यावरच होते. म्हणून थोडं आधीच.

सगळ्यात आधी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, उशीर केल्यास दंड होऊ शकतो. ती ब्युर्गरआम्ट किंवा ब्युर्गरब्युरो नावाच्या पालिका कचेरीत होते. पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, त्यामुळे चावी घेतानाच तो दाखला मागून घ्या. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, ती घर ठरताच शोधायला लागा. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. चर्चचे सभासद असलेल्यांच्या प्राप्तिकरावर 8 किंवा 9 टक्के चर्च कर लागतो, म्हणून तो रकाना नीट वाचून भरा.

यानंतर टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. तिथे सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नोंदणीनंतर कर क्रमांक टपालानेच येतो आणि पेटीवर नाव नसेल तर परत जातो. पाट्यांच्या बाबतीत पुणेकरांना वेगळं शिकवायला नको! रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल. महिना 18.36 युरो, दर घरटी. घरात टीव्ही नाही म्हणून ती माफ होत नाही.

पुढचा भाग जरा गुंतागुंतीचा. जर्मनीत केंद्राखाली 16 राज्यं, त्याखाली बहुतेक ठिकाणी जिल्हा (क्राइस) आणि त्याखाली गाव किंवा शहर. मोठी शहरं सहसा जिल्ह्याबाहेर असतात, त्यांची बहुतेक कामं शहरातच होतात. घर छोट्या गावात घेतलं, तर नोंदणी गावात, पण राहण्याचा परवाना आणि गाडीची नोंदणी सहसा जिल्ह्याच्या कचेरीत, म्हणजे लांडराट्सआम्टमध्ये. हिंजवडीत राहिलेल्यांना ‘हे काम ग्रामपंचायतीचं की महापालिकेचं’ हा घोळ नवा नाही. बर्लिन आणि हाम्बुर्ग ही शहरंच राज्यं आहेत.

शाळा हा राज्याचा विषय. अभ्यासक्रम आणि उन्हाळी सुट्टीच्या तारखा राज्यागणिक बदलतात. मुलं असतील तर नोकरीचं शहर निवडताना राज्यही बघा. पाळणाघर मात्र पालिकेकडे. तिथे जागांची टंचाई असते, नाव लवकर घाला.

आपल्याकडे महापौर मानाचा आणि कारभार आयुक्तांच्या हाती. तिथे बहुतेक शहरांत महापौर थेट निवडून येतो आणि प्रशासनही तोच चालवतो. भारतीय नागरिकांना पालिका निवडणुकीत मत देता येत नाही, पण अनेक शहरांत परदेशी रहिवाशांची सल्लागार समिती असते आणि काही ठिकाणी तिच्या निवडणुकीत आपल्याला मतदान करता येतं. अशा समितीत कामही करावं, असं माझं मत.

कायमचे परत निघालात तर नोंदणी रद्द करा. आबमेल्डुंग घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं, आणि सोडल्यावर 2 आठवड्यांत करावंच लागतं. मिळालेला कागद जपून ठेवा, रेडिओची वर्गणी थांबवताना तो मागतात.