खेळगटाच्या फीवरून होणारी कुरकुर कशी मिटवावी

सोसायटीच्या हॉलमध्ये पालक मिळून खेळगट चालवतात तिथे भांडण सहसा ‘आम्ही आलोच नाही, मग पैसे कशाचे?’ इथून सुरू होतं. म्हणून खर्च आधी दोन भागांत मांडा. हॉलचं भाडं आणि मावशींचा पगार मुलं आली नाहीत तरी द्यावाच लागतो. खाऊ, रंग, खेळायची कणीक हजेरीवर.

समजा पहिला खर्च महिन्याला ३,६०० रुपये आणि नावं १५. सगळे १५ने भागून २४० ठरवतात. तिघं गळाली की ७२०ची तूट पडते, आणि मग ‘जादा कशाला?’ सुरू. १२ने भागा, ३०० घ्या. उरलंच तर मोडक्या खेळण्यांना लागतं. खाऊ-रंगाचे रोजचे १५ रुपये वेगळे, येईल त्यानेच द्यायचे.

धाकटं भावंड दीड वर्षाखाली असेल तर माफी, पुढे निम्मी फी. ‘चालायला लागलं की’ असला नियम नको, जन्मतारीख बरी.

सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेमुळे हजेरी रोडावते, ती सुट्टी डिसेंबरातच कळवा. उन्हाळ्यातल्या कूलरचं वीजबिलही मार्चमध्येच सांगून टाका.

पैसे दारात मागू नका. पोर कडेवर, एक चप्पल पायात, मागे तिघं खोळंबलेले. तिथे आवाज चढणारच. ५ तारखेपर्यंत यूपीआयने घ्या, वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका. थकबाकीदाराचं नाव मात्र तिथे नको, त्यांना वेगळा फोन करा.