नकाशा वाचता येत नाही, हे लोक सांगत नाहीत

शाश्वत बांधकाम आणि लोकसहभागी नगररचना या वाटेला येणारी मुलं मला बहुतेक वेळा एकच विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? त्याचं उत्तर पुढे येईल. आधी मी जिथे तोंडावर आपटले ती जागा दाखवते, कारण तिथे दरवर्षी कोणी ना कोणी आपटतंच.

चाळीस घरांच्या वस्तीच्या पुनर्रचनेचं काम होतं. आम्ही सहा आठवडे खपून आराखडा केला. वाऱ्याची दिशा, पाण्याचा उतार, झाडं वाचवून काढलेल्या गल्ल्या, सगळं जिवापाड केलं होतं. मोठ्या चार शीट भिंतीवर लावल्या आणि बैठक घेतली. मी तासभर समजावत होते, लोक माना डोलवत होते. एकाचीही हरकत आली नाही. हजेरीपत्रकावर सह्या झाल्या आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मान्य" हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले.

दोन महिन्यांनी लाइनआउट, म्हणजे आराखडा जमिनीवर खऱ्या मापात आखणं, सुरू झालं. जमिनीवर फक्की पडली आणि त्याच दिवशी काम थांबलं. एक आजी दोन पांढऱ्या रेघांमध्ये उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "हीच खोली ना? मग इथे खाट टाकल्यावर मी रात्री उठून जाऊ कुठून?" मी घाईघाईने शीट पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली ती उलटी. मागे पाच-सहा जण वाकून तोच उलटा कागद बघत होते आणि कागद उलटा आहे हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की त्या बैठकीत कोणी काहीच मान्य केलेलं नव्हतं.

हे जरा सविस्तर सांगते. प्लॅन म्हणजे काय, तर जमिनीपासून साधारण मीटर-सव्वा मीटरवर घर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि आभाळातून खाली बघायचं. असं घर आयुष्यात कोणी बघितलेलं नसतं. आपण पहिल्या वर्षी ते वाचायला धडपडतो, पाचव्या वर्षापर्यंत ती धडपड पार विसरून जातो आणि मग समोरच्यालाही ते दिसतंय असं धरून चालतो. समोरचा "कळलं नाही" असं म्हणत नाही. चारचौघांत तसं म्हणायची लाज वाटते. शिवाय रंगीत, छापील कागद बघितला की ठरायचं ते ठरून गेलंय, अशीच समजूत होते. डोललेल्या मानेचा अर्थ फार तर "ऐकतोय" एवढाच असतो. चूक पूर्णपणे आपली असते, त्यांची तसूभरही नसते.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी तुम्ही अभ्यासली असेलच. त्यात नुसती सल्लामसलत चौथ्या पायरीवर येते आणि आर्नस्टाइन तिला नाममात्र सहभागातच गणतात. परीक्षेत मी ती शिडी बिनचूक काढली होती. माझी बैठक त्याच पायरीवर उभी आहे, हे मात्र साइटवर दिसलं नाही.

आता मी काय करते? शीट छापायच्या आधी सुतळी, खुंट्या आणि फक्की घेऊन एक पूर्ण घर आणि गल्लीचा एक तुकडा खऱ्या मापात जमिनीवर आखते. लोकांना स्वतःची खाट, पेटी, सायकल आणून ठेवायला सांगते. दार कुठे उघडतं ते सुतळीने फिरवून दाखवते. हे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा करायचं, कारण सकाळी अकराच्या बैठकीला येतात ते फक्त रिकामे असलेले. कामावर गेलेली बाई आणि शाळेतली पोरं त्यात नसतात. मॉडेल केलंत तर तुकडे सुटे ठेवा. डिंकाने पक्कं चिकटवलेल्या, गुळगुळीत मॉडेलला कोणी हात लावत नाही.

घाबरू नका, यात थोरामोठ्यांचीही परीक्षा झाली आहे. वास्तुविशारद हसन फथी यांनी इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचं, घुमटांचं अप्रतिम गाव उभारलं. पण ज्यांच्यासाठी ते होतं, त्यांची रोजीरोटी जुन्या गावाखालच्या थडग्यांशी बांधलेली होती. बहुतेक जण नव्या गावात गेलेच नाहीत. याउलट चिलीतल्या इकिके शहरात वास्तुविशारद आलेहान्द्रो आरावेना यांच्या एलेमेंटल या गटाने किंता मोनरॉय या वस्तीतल्या कुटुंबांना अर्धं घर बांधून दिलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा त्यांच्या हाती ठेवली. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो या आपल्या गावातली शाळा गावकऱ्यांना हाताशी धरून मातीच्या विटांनी बांधली, ती २००१ मध्ये पूर्ण झाली. पत्र्याचं छप्पर वर उचलून मधून वारा खेळता ठेवला म्हणून वर्ग थंड राहतात. माती टिकेल का, ही शंका तिथेही होतीच.

साहित्याबद्दल थोडक्यात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के आहे, त्यामुळे ते जपून वापरा. पण दुरून ट्रकने आणलेली "हिरवी" वीट मला पटत नाही. मातीच्या भिंतीला उंच जोतं आणि भिंतीबाहेर रुंद येणारं छप्पर द्या, नाहीतर पहिल्या दोन पावसाळ्यांतच लोकांचा मातीवरचा विश्वास उडेल, आणि तो परत आणायला तुमची उमेद पुरणार नाही. ग्रीन रेटिंगचे, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे हे ठरवणाऱ्या मानांकनाचे, गुण जमवत बसणं हा आडमार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. इमारत गुण मिळवते आणि आतली माणसं एसी लावतात.

सॉफ्टवेअर कुठलंही शिका, तीन महिन्यांत येतं. हाताने सर्व्हे करायला, टेप धरायला वर्ष लागतं. मार्गदर्शक निवडताना नावाच्या मागे धावू नका. ज्याच्या चपलांना साइटची माती लागलेली असते आणि जो तुमचं रेखाटन खोडण्याआधी "तिथे कोण राहतं?" असं विचारतो, त्याच्याकडे जा. फुकट राबवून घेणाऱ्याकडे "शिकायला मिळेल" म्हणून वर्षभर थांबू नका. मी थांबले होते आणि तिथे शिकले ते फक्त प्रेझेंटेशन.

पहिलं काम बिघडलं तर कोलमडून जाऊ नका. आमचं लाइनआउट पुढे तीन दिवस चाललं. आजींची खोली दोन फुटांनी वाढवायची तर शेजारच्या घराचा ओटा कमी होणार होता. मी आकडेमोड करत बसले होते, तेवढ्यात शेजारची बाई उठली, ओट्याची रेघ पायाने पुसली आणि फक्कीचा डबा माझ्या हातातून घेऊन दोन फूट आत नवी रेघ ओढली.