संथ कादंबरी अर्ध्यात सोडताय? या चुका टाळा

"पन्नास पानं झाली, अजून काहीच घडत नाही." आमच्या वाचनगटात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हे म्हणतं आणि दर वेळी माझा जीव तुटतो. त्या पन्नास पानांत एक माणूस उभा राहत असतो. तेच तर घडत असतं!

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधी सारांश बघणं. माझ्या भाच्याने 'कोसला' हातात घेण्याआधी तिच्यावरचा व्हिडिओ पाहिला. नेमाड्यांची १९६३ची कादंबरी, पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, पुढे त्याची धाकटी बहीण मनी जाते, हे सगळं आधीच ठाऊक. मग वसतिगृह, मेस, गॅदरिंग भराभर उलटत गडी थेट मनीच्या मरणापाशी पोहोचला. वाचून म्हणाला, "मामा, मला काहीच वाटलं नाही."

वाटणार कसं? पांडुरंगचं ते 'वगैरे', ते 'उदाहरणार्थ' आधी कानात मुरावं लागतं. हा मुलगा सगळं झटकून टाकतो, याची आपल्याला सवय झालेली असावी लागते. मगच कळतं की हे एक मरण त्याला झटकता येत नाहीये. वसतिगृहाची पानं गाळणाऱ्याच्या हाती फक्त बातमी लागते.

मी त्याला पहिल्या पानापासून पुन्हा बसवलं. रोज जेवणानंतर एक तास, पानं न गाळता. त्या प्रसंगापाशी आला त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. बराच वेळ मनीबद्दलच बोलत होता.

दुसरी चूक तुकड्यांची. लोकलमध्ये चार पानं, झोपताना दोन, मग आठवडाभर काही नाही. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' असं वाचून कसं चालेल? दोन खंड, चार पिढ्या! कोण कुणाचा मुलगा हेच विसरलात तर त्यांची भांडणं परक्या घरातली वाटणार. मी पहिली बैठक रविवारी सकाळी घेतो, सलग दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. पुस्तकात एक कोरं पोस्टकार्ड ठेवतो आणि नवं माणूस आलं की पेन्सिलीने नाव आणि नातं लिहितो. आठ दिवसांचा खंड पडलाच, तर वीस पानं मागे जाऊन सुरू करतो.

बोलीला बिचकू नका. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक वऱ्हाडीत बोलते. तिचं बोलणं मोठ्याने वाचा, दहा पानांत कान सरावतो.

संथ म्हणजे जाडजूड असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' केवढीशी आहे, पण तिच्यातला शाळामास्तर वाडीत रुळतो त्याच चालीने तुम्हालाही रुळावं लागतं.

ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकणं मला मुळीच पटत नाही. माणसं बोलताना जिथे थांबतात, नेमकं तेच त्यात चेंगरतं.

एवढं करूनही एखादं पुस्तक धरत नसेल तर खुशाल बाजूला ठेवा, पण खूण काढू नका. माझं 'तुंबाडचे खोत' पहिल्या खेपेला सत्तराव्या पानावर थांबलं होतं. चार वर्षांनी उघडलं तेव्हा पोस्टकार्ड तिथेच होतं, अकरा नावांसकट.